एकदाच चालणारे परिपथ : सेल्युलर ऑटोमाटातील स्वयंविनाशी संदेशवहनाचा इतिहास आणि मुंबईतील वाळू-ढिगाचे गणित

सारांश

सेल्युलर ऑटोमाटा (पेशीय स्वयंचल) या गणिती रचनांमध्ये संदेश वाहून नेणारे परिपथ उभारण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आहे. त्यांपैकी काही परिपथ संदेश पुढे पाठवताना स्वतः नाहीसे होतात. प्रस्तुत लेखात अशा स्वयंविनाशी परिपथांच्या कल्पनेचा जॉन फॉन नॉयमन यांच्यापासूनचा विकास मांडला आहे. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. दीपक धर यांनी १९९० साली सिद्ध केलेल्या वाळू-ढिगाच्या गणिताने या कल्पनेला कोणता नेमका अर्थ दिला, याचे विवेचन केले आहे. परिपथाचा नाश हा रचनाकाराचा दोष की माध्यमाचा स्वभाव, हा या लेखापुढील मुख्य प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : सेल्युलर ऑटोमाटा, वाळू-ढीग प्रतिमान, संदेश-परिपथ, दहन कसोटी, स्वयंसंघटित क्रांतिकता.

१. प्रस्तावना

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात पावसाळा संपला की डोंगरउतारावरील गवत वाळू लागते आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत ते पेट घेण्याच्या अवस्थेला येते. एखादी ठिणगी पडली की वणवा एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकत जातो. या आगीचा एक गुण सर्वांच्या परिचयाचा आहे. ती ज्या वाटेने पुढे गेली त्या वाटेने परत येऊ शकत नाही, कारण मागे केवळ राख उरलेली असते. वन विभाग उन्हाळ्यापूर्वी मुद्दाम पट्टे जाळून जाळरेषा काढतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. जळालेली जमीन आगीचा निरोप पुढे नेत नाही.

निरोप पोहोचवताना निरोपाची वाटच संपून जाणे, ही कल्पना गणितात आणि संगणनशास्त्रात गेली सात दशके निरनिराळ्या रूपांनी प्रकट झाली आहे. घरांच्या पटावर ठरावीक नियमांनी बदलणाऱ्या रचनांना सेल्युलर ऑटोमाटा म्हणतात. प्रत्येक घराची पुढील स्थिती त्याच्या स्वतःच्या व शेजारच्या घरांच्या सध्याच्या स्थितीवरून ठरते. दूरवरून हुकूम देणारी कोणतीही सत्ता नसते. अशा पटावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वार्ता न्यायची असेल तर ती घराघरातूनच जावी लागते. ती गेल्यानंतर वाटेचे काय होते, या साध्या प्रश्नातून या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा धागा उलगडतो.

या इतिहासाचे कथन बहुधा प्रिन्स्टन, केंब्रिज व मॅसॅच्युसेट्स या स्थळांभोवती फिरते. त्यातील एक निर्णायक प्रकरण मात्र मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकिनाऱ्यावर लिहिले गेले. अकोल्याच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव या परिसरात परिचित आहे. त्याच संस्थेतील हे सैद्धांतिक कार्य मात्र भौतिकशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचलेले नाही.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) सेल्युलर ऑटोमाटातील विनाशाच्या कल्पनेचा ऐतिहासिक क्रम मांडणे.
२) वाळू-ढीग प्रतिमानातील एकदाच चालणाऱ्या परिपथाची रचना सोप्या उदाहरणाने स्पष्ट करणे.
३) मुंबईत सिद्ध झालेल्या गणिताने अशा परिपथांच्या क्षमतेवर कोणत्या मर्यादा घातल्या, याचा शोध घेणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उदाहरणे कागद-पेन्सिलीने पडताळता येतील एवढी लहान ठेवली आहेत.

३. पूर्वपीठिका : निर्मितीबरोबर विनाश

सेल्युलर ऑटोमाटाची मूळ कल्पना जॉन फॉन नॉयमन आणि स्टानिस्लाव उलाम यांच्या विचारविनिमयातून १९४० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या काही वर्षांत आकाराला आली. यंत्र स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवू शकेल काय, हा फॉन नॉयमन यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी प्रत्येक घराला २९ स्थिती असलेला पट कल्पिला. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. आर्थर बर्क्स यांनी त्यांचे अपुरे लेखन पूर्ण करून १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

या रचनेतील एक बाब येथे महत्त्वाची आहे. फॉन नॉयमन यांनी संदेश वाहणाऱ्या घरांचे दोन वर्ग केले, एक सामान्य आणि एक विशेष. विशेष वर्गातील संदेश सामान्य वर्गाच्या घरावर आदळला की ते घर नष्ट होऊन मूळ रिकाम्या स्थितीत परत जाते. उलट दिशेनेही तसेच घडते. म्हणजे संदेश हाच बांधकामाचा व पाडकामाचाही हात होता. जे यंत्र बांधते त्याला चुकलेले किंवा तात्पुरते बांधकाम पाडताही आले पाहिजे, हे या विषयाच्या पहिल्याच प्रकरणात मान्य झाले होते. विनाश ही सोय म्हणून आलेली होती. तिचा स्वतंत्र विचार अजून सुरू झाला नव्हता.

पुढे १९६८ मध्ये एडगर कॉड यांनी २९ स्थितींऐवजी ८ स्थितींत तेच कार्य साधले. १९८४ मध्ये ख्रिस्तोफर लँग्टन यांनी स्वतःची प्रत काढणारे एक लहानसे वलय मांडले. लँग्टन यांची वलये वाढत गेली की मधली वलये जागेअभावी निष्क्रिय होत आणि प्रवाळाच्या खडकाप्रमाणे पटावर तशीच पडून राहत. जपानचे हिरोकी सायामा यांनी १९९८ मध्ये या वलयाला एक अधिकची स्थिती दिली. तिचे काम एकच, अडलेल्या वलयाचे विसर्जन करणे. या एका भरीमुळे पटावरील जागा मोकळी होऊ लागली आणि वलयांची पुढची पिढी वाढू शकली. मरण नसेल तर पट गोठतो, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होता.

४. ‘जीवन’ खेळातील सफाईची कला

१९७० च्या ऑक्टोबर महिन्यात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून जॉन कॉन्वे यांचा ‘लाइफ’ हा खेळ जगापुढे आला. घर जिवंत किंवा मृत, एवढ्या दोनच स्थिती. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते टिकते. मृत घराचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील तर ते जिवंत होते. इतर सर्व बाबतींत घर मृत होते किंवा मृतच राहते. या खेळात पाच घरांची एक आकृती तिरक्या दिशेने सरकत जाते. तिला ‘ग्लायडर’ म्हणतात. याच वर्षी बिल गॉस्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरावीक अंतराने ग्लायडर सोडणारी रचना शोधली. त्यामुळे ग्लायडर हा संदेशाचा वाहक ठरला आणि परिपथ उभारण्याचा मार्ग खुला झाला.

या खेळात दोन ग्लायडर विशिष्ट रीतीने आदळले तर दोन्ही नाहीसे होतात. चार घरांचा स्थिर चौकोन योग्य कोनातून आलेल्या ग्लायडरने पूर्णपणे पुसला जातो. काही स्थिर आकृत्या तर ग्लायडरला वळण देतात आणि वळण देतानाच स्वतः संपतात. अशा एकदाच वापरायच्या वळणांपासून रचनाकारांनी पुढे मोठी कामे साधली. २०१० मध्ये अँड्र्यू वेड यांनी मांडलेली ‘जेमिनी’ ही रचना सुमारे ३ कोटी ३७ लाख पिढ्यांत स्वतःची प्रत नव्या जागी उभारते आणि जुनी प्रत पुसून टाकते. परिणामी ती पटावर चालत गेल्यासारखी दिसते. २०१८ मध्ये अॅडम गाउचर यांनी एक महाघर मांडले. त्यात मृत घर दाखवण्यासाठी पट अक्षरशः रिकामा ठेवला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर जिवंत महाघर शेजाऱ्यांना वार्ता देऊन स्वतःचा पूर्ण नाश करून घेते.

या परंपरेत स्वयंविनाश ही रचनाकाराची कमाई आहे. नियम तसे करायला भाग पाडत नाही. परिपथ टिकवूनही संदेश नेता येतो, परंतु मागे कचरा राहू नये म्हणून रचनाकार मोठ्या कौशल्याने परिपथाच्या मरणाची तजवीज करतो. मांडव काढताना एकही खुंटी जमिनीत राहू न देणाऱ्या कारागिराची ही वृत्ती आहे.

५. वाट सावरणारे आणि वाट जाळणारे माध्यम

माध्यमाचा स्वभाव समजण्यासाठी आणखी एका रचनेचा उल्लेख आवश्यक आहे. ब्रायन सिल्व्हरमन यांनी १९८७ मध्ये ‘वायरवर्ल्ड’ नावाचा ऑटोमाटा तयार केला. त्यात घराच्या चार स्थिती असतात : रिकामे, तार, संदेशाचे डोके आणि संदेशाची शेपटी. डोक्याची पुढच्या क्षणी शेपटी होते, शेपटीची पुन्हा तार होते, आणि शेजारी एक किंवा दोन डोकी असतील तर तारेचे डोके होते. डोक्यामागची शेपटी संदेशाला मागे फिरू देत नाही. काही क्षणांनी तार पूर्ववत होते आणि दुसरा संदेश नेण्यास सज्ज असते.

आता वणव्याचा नियम याच भाषेत लिहून पाहावा. गवताची आग होते, आगीची राख होते. वायरवर्ल्डशी तुलना केली तर एकच पायरी गाळली गेली आहे. राखेचे पुन्हा गवत होत नाही. एवढ्याशा फरकाने कायमस्वरूपी तारेचा एकदाच चालणारा परिपथ होतो. येथे स्वयंविनाश कोणी योजलेला नाही. तो नियमातच आहे. रचनाकाराला निवड नाही. अशा माध्यमात काय घडवता येते आणि काय येत नाही, हा प्रश्न गणिताने सोडवण्याजोगा आहे. त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर ज्या प्रतिमानात मिळाले ते वाळू-ढिगाचे प्रतिमान होय.

६. वाळूचा ढीग : ब्रूकहेवन ते कुलाबा

१९८७ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत पेर बाक, चाओ तांग आणि कुर्ट वीझेनफेल्ड यांनी हे प्रतिमान मांडले. चौकटींच्या पटावर वाळूचे कण ठेवलेले आहेत. एखाद्या घरात ४ किंवा अधिक कण झाले की ते घर कोसळते आणि चारही शेजाऱ्यांना एकेक कण देते. त्यामुळे शेजारी कोसळू शकतात, त्यांचे शेजारीही कोसळू शकतात. पटाच्या काठावरून बाहेर पडलेले कण नाहीसे होतात. एकेक कण सावकाश टाकत गेले तर ढीग आपोआप अशा अवस्थेला येतो की एका कणाने कधी काहीच होत नाही, कधी संपूर्ण पट हादरतो. या अवस्थेला त्यांनी स्वयंसंघटित क्रांतिकता असे नाव दिले. त्यांचे निष्कर्ष प्रामुख्याने संगणकीय प्रयोगांवर आधारलेले होते. गणिती सिद्धतेची उणीव होती.

ती उणीव भरून काढण्याचे कार्य मुंबईत झाले. दीपक धर यांनी कॅलिफोर्निया येथून पीएच.डी. पूर्ण करून १९७८ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रवेश केला होता. १९८९ मध्ये त्यांनी रामकृष्ण रामस्वामी यांच्यासह प्रतिमानाचे एक सोपे रूप पूर्णपणे सोडवून दाखवले. त्यात कण केवळ उताराच्या दिशेने जातात. अकोले तालुक्यातील भातखाचरांशी त्याचे साम्य पटकन ध्यानात येते. वरचे खाचर भरले की बांधावरून पाणी खालच्या खाचरात उतरते, ते भरले की त्याखालच्या; पाणी वर चढत नाही. द्विमितीय पटावर अशा घसरणींची संभाव्यता त्यांच्या आकाराच्या ४/३ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे त्यांनी अचूक सिद्ध केले.

पुढील वर्षी, १९९० मध्ये, धर यांनी मूळ प्रतिमानासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा वरवर अगदी साधा आहे. दोन घरे एकाच वेळी कोसळण्याच्या अवस्थेत असतील तर कोणते आधी कोसळले याने अंतिम स्थितीत काहीही फरक पडत नाही, कारण एक घर कोसळल्याने दुसऱ्यातील कण कधीच कमी होत नाहीत. क्रम बदलला तरी फळ तेच. गणितात या गुणाला आबेल यांच्या नावाने ओळखतात, म्हणून हे प्रतिमान आता ‘आबेलीय वाळू-ढीग’ या नावाने प्रसिद्ध आहे. या एका निरीक्षणातून ढिगाच्या सर्व टिकाऊ स्थितींची गणती करता आली. १९९२ मध्ये सत्य मजुमदार व धर यांनी या मांडणीचा सांख्यिकीय भौतिकीतील अन्य सुप्रसिद्ध प्रतिमानांशी संबंध जोडून दाखवला. धर यांना २०२२ मध्ये जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत बोल्ट्झमन पदक देण्यात आले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

७. वाळूची तार : एक उदाहरण

आता या पटावर संदेशवाहिनी कशी तयार होते ते पाहू. पट संपूर्ण रिकामा असून एका ओळीतील पाच घरांत प्रत्येकी ३ कण आहेत असे समजावे. एकूण कण १५. डावीकडील पहिल्या घरात एक कण टाकला. तेथे ४ कण झाले, ते घर कोसळले. दुसऱ्या घरात ४ झाले, तेही कोसळले. याप्रमाणे कोसळण्याची लाट पाचव्या घरापर्यंत गेली आणि त्याच्या उजवीकडील घराला एक कण मिळाला. संदेश पोहोचला.

मागे काय उरले? पहिल्या चार घरांत प्रत्येकी १ कण, पाचव्यात शून्य. ओळीच्या वरच्या व खालच्या दहा घरांत प्रत्येकी १, आणि दोन्ही टोकांना एकेक. बेरीज ४ + १० + २ = १६, म्हणजे मूळचे १५ आणि टाकलेला १. एकही कण हरवला नाही, परंतु तार राहिली नाही. पहिल्या घरात पुन्हा कण टाकला तर तेथे २ होतात आणि काहीच घडत नाही. तारेचे द्रव्य सर्वच्या सर्व पटावर शिल्लक आहे. संपली आहे ती तिची मांडणी.

याच पद्धतीने तार्किक द्वारेही बनतात. दोन तारा ज्या घरात मिळतात तेथे २ कण ठेवले तर दोन्हीकडून संदेश आल्यावरच ते कोसळते. हे ‘आणि’ द्वार झाले. तेथे ३ कण ठेवले तर कोणत्याही एका संदेशाने ते कोसळते. हे ‘किंवा’ द्वार झाले. मात्र ‘किंवा’ द्वारात एक अडचण उद्भवते. कोसळणारे घर चारही दिशांना कण देते, त्यामुळे ज्या तारेतून संदेश आलाच नाही त्या तारेत तो उलटा शिरतो आणि तिला निष्कारण जाळून टाकतो. यासाठी एकदिशा झडप हवी. दोन गुणिले दोन घरांचा चौकोन घेऊन तीन घरांत ३ आणि बाहेर पडण्याच्या कोपऱ्यात २ कण ठेवले की ती तयार होते. समोरासमोरच्या कोपऱ्यातून आलेला संदेश दोन वाटांनी फुटून २ कणांच्या घरात एकत्र येतो, तेथे ४ कण होतात आणि संदेश पुढे जातो. उलट बाजूने आलेला संदेश त्या घरात एकच कण टाकतो, तेथे ३ होतात आणि संदेश तिथेच थांबतो. जाळरेषेचे काम येथे एका कणाच्या उणिवेने साधले आहे.

८. क्षमतेच्या मर्यादा

अशा परिपथांनी सर्व प्रकारची गणना करता येईल काय? चिली येथील एरिक गोल्स आणि फ्रान्समधील मॉरिस मार्गेन्स्टर्न यांनी १९९७ मध्ये दाखवले की, पटाऐवजी हवी तशी जोडणी करता येत असेल तर या खेळातून सार्वत्रिक संगणक उभा राहतो. १९९९ मध्ये क्रिस्टोफर मूर व मार्टिन निल्सन यांनी तीन किंवा अधिक मितींच्या वाळू-ढिगाचे भाकीत करणे ही बहुपदी काळात सुटणाऱ्या प्रश्नांपैकी सर्वांत कठीण वर्गातील समस्या असल्याचे सिद्ध केले. म्हणजे अंतिम स्थिती जाणण्यासाठी घसरण प्रत्यक्ष घडवून पाहण्याहून फार जवळची वाट असणे संभवत नाही.

द्विमितीय पटावर मात्र दोन अडथळे येतात. पहिला अडथळा थेट आबेलीय गुणातून निघतो. ढिगात कण वाढवल्याने कोसळणारे घर कोसळायचे थांबेल, असे कधीच होत नाही. त्यामुळे ‘संदेश आला तर थांब’ असे सांगणारे नकाराचे द्वार या माध्यमात अशक्य आहे. दुसरा अडथळा वाटा ओलांडण्याचा आहे. अनाही गाहार्डो व गोल्स यांनी २००६ मध्ये दाखवले की, चार शेजाऱ्यांच्या सपाट पटावर दोन संदेश एकमेकांना न बिघडवता छेदून जाऊ शकत नाहीत. तिसरी मिती असेल तर एक तार दुसरीच्या वरून नेता येते. सपाट पटावर ती सोय नाही. नकार नसलेल्या आणि कोठेही न छेदणाऱ्या परिपथाचे उत्तर समांतर गणनेने झटपट काढता येते. म्हणूनच द्विमितीय वाळू-ढिगाचे भाकीत खरोखर कठीण की सोपे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

या दोन मर्यादांचा उगम एकच आहे. जो गुण मुंबईतील गणिताला अचूक उत्तरे देतो, तोच गुण परिपथ रचणाऱ्याचे हात बांधतो. क्रमाला महत्त्व नाही म्हणून सिद्धता सुलभ होते. आणि क्रमाला महत्त्व नाही म्हणूनच ‘आधी हे, मग ते नको’ असे यंत्राला सांगता येत नाही.

९. नाशाचा नेमका अर्थ

परिपथ नष्ट झाला असे आपण म्हणतो तेव्हा ते केवळ वर्णन असते की सिद्ध करता येण्याजोगे विधान? धर यांच्या कार्यामुळे त्याला नेमके उत्तर देता येते. ढिगाच्या स्थितींचे त्यांनी दोन वर्ग केले. कण टाकत राहिल्यास काही स्थिती पुन्हा पुन्हा येतात, तर काही एकदा गेल्या की कधीही परतत नाहीत. दोन शेजारची घरे एकाच वेळी रिकामी असणे हे न परतणाऱ्या स्थितीचे सर्वांत साधे लक्षण आहे. त्याचे कारण सहज समजते. या दोघांपैकी शेवटी जे कोसळले त्याने दुसऱ्याला एक कण दिलेला असणारच. मग दुसरे घर रिकामे कसे असेल? दोन घरांच्या पटावर एकूण १६ स्थिर स्थिती असून त्यांपैकी केवळ ही एक वगळता १५ परतणाऱ्या आहेत. दोन गुणिले दोन घरांच्या पटावर २५६ पैकी १९२ परतणाऱ्या आहेत. पट मोठा होत गेला की प्रत्येक घरामागे ४ ऐवजी सुमारे ३.२१ एवढाच गुणक उरतो, म्हणजे परतणाऱ्या स्थितींचे एकूण स्थितींतील प्रमाण झपाट्याने घटते.

स्थिती कोणत्या वर्गातील आहे हे ओळखण्यासाठी धर यांनी जी रीत दिली तिला दहन कसोटी म्हणतात. पटाच्या काठाला कल्पनेने आग लावावी. ज्या घरातील कण त्याच्या न जळलेल्या शेजाऱ्यांच्या संख्येइतके किंवा अधिक असतील ते घर जळते. संपूर्ण पट जळाला तर स्थिती परतणारी आहे; आग मध्येच अडली तर न जळालेला भाग पुन्हा कधी तयार होणार नाही. वणव्याच्या प्रदेशातील वाचकाला ही कसोटी काहीशी उफराटी वाटेल. येथे जे जळते ते टिकाऊ आणि जे आगीपासून वाचते ते नश्वर ठरते.

वरील उदाहरणातील तार रिकाम्या पटावर मांडलेली होती, तिच्याभोवती शेजारशेजारची असंख्य घरे रिकामी होती. दहन कसोटीत ती टिकत नाही. म्हणून असा परिपथ एकदा चालल्यावर संपतो एवढेच नव्हे, तर ढीग आपल्या गतीने चालत राहिला तर अनंत काळातही तो पुन्हा उभा राहणार नाही. तो पुन्हा हवा असेल तर बाहेरून कोणीतरी पट पुसून, कण मोजून, नव्याने मांडावा लागेल. याउलट परतणाऱ्या स्थितींच्या वर्गात कण टाकण्याची प्रत्येक क्रिया उलटवता येते; तेथे माहिती नष्ट होत नाही. रचना म्हणून जे जे आपण हेतुपुरस्सर उभारले ते ढिगाच्या दृष्टीने उपरे आहे, असे या गणिताचे सांगणे आहे.

१०. वणवा आणि प्रतिमान

१९९० मध्ये बाक व त्यांचे सहकारी, आणि १९९२ मध्ये बार्बरा ड्रोसेल व फ्रान्झ श्वाबल यांनी वणव्याची स्वतंत्र प्रतिमाने मांडली. त्यांत झाडे सावकाश उगवतात आणि आग वेगाने पसरते. सह्याद्रीच्या उतारांवरही गवत पावसाळ्यात पुन्हा वाढते. म्हणजे राखेचे गवत होण्याची गाळलेली पायरी तेथे निसर्ग वर्षातून एकदा पूर्ण करतो. संदेशाची वाट काही तासांत जळते आणि ती पुन्हा तयार व्हायला एक संपूर्ण ऋतू लागतो. वेगाने खर्च व सावकाश भरणा, हा या सर्व प्रतिमानांचा समान पाया आहे.

तथापि प्रतिमान म्हणजे प्रत्यक्ष डोंगर नव्हे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील प्रत्येक आगीत गवताबरोबर रोपे, पक्ष्यांची घरटी, सरपटणारे जीव आणि गुरांचा चाराही जातो. त्यांची मोजदाद वाळूच्या कणांत होत नाही. वारा, उतार व माणसाचा हात यांना चार शेजाऱ्यांच्या पटावर स्थान नाही. प्रतिमान एवढेच शिकवते की, पसरण्याची वाट आधी तोडून ठेवल्यास पसरणे थांबते, आणि बहुतेक वेळा काहीच न घडणाऱ्या व्यवस्थेत कधीतरी सारेच घडण्याची क्षमता साठत असते.

११. निष्कर्ष

१) सेल्युलर ऑटोमाटातील विनाशाची कल्पना फॉन नॉयमन यांच्या मूळ रचनेइतकीच जुनी आहे, तेथे ती बांधकामाची सोय म्हणून आली.
२) कॉन्वे यांच्या खेळाच्या परंपरेत स्वयंविनाश ही रचनाकाराच्या कौशल्याची निवड आहे, वाळू-ढिगाच्या परंपरेत ती माध्यमाची अट आहे. या दोन परंपरांचा एकत्र विचार केल्याशिवाय विषयाचा इतिहास पूर्ण होत नाही.
३) मुंबईत १९९० मध्ये सिद्ध झालेल्या आबेलीय गुणामुळे अशा परिपथांत नकाराचे द्वार अशक्य ठरते.
४) दहन कसोटी व न परतणाऱ्या स्थितींची संकल्पना यांमुळे ‘परिपथ नष्ट झाला’ या विधानाला गणिती नेमकेपणा प्राप्त झाला. कणांची बेरीज कायम राहूनही मांडणी कायमची जाऊ शकते, हे त्यातून स्पष्ट होते.

विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपल्याकडे प्रयोगशाळा, उपग्रह आणि दुर्बिणी यांना जे स्थान मिळते ते कागदावरील गणिताला मिळत नाही. वाळू-ढिगाचा नियम एका ओळीचा आहे आणि त्याची पडताळणी पाटीवर किंवा अंगणात चौकटी आखून, चिंचोके मांडूनही करता येते. पदवी वर्गातील विद्यार्थ्याला पाच घरांची तार स्वतः मांडून, ती चालवून आणि संपलेली पाहून या इतिहासात प्रवेश करता येईल. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही, सोळा चिंचोके पुरेसे आहेत.